जेनेरिकची निवड माझ्या हाती देण्यापूर्वी : अन्न व औषध प्रशासनाच्या आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
माननीय आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझे औषधांचे दुकान आहे. जवळजवळ तीस वर्षे मी स्वतः काउंटरवर उभा राहून औषधे देतो. भिंतीवर प्रमाणपत्र एकाचे आणि गोळ्या देणारा दुसराच, असा प्रकार माझ्याकडे नाही. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढे मी जे कबूल करणार आहे ते वाचून आपला माझ्याविषयी भलताच समज होऊ शकेल.

जेनेरिक औषधांविषयी बोलणे निघाले की ते डॉक्टरांच्या चिठ्ठीपाशी सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. डॉक्टरांनी ब्रँडऐवजी औषधाचे मूळ नाव, म्हणजे त्यातल्या घटकाचे नाव, लिहिले की औषधे स्वस्त होतील, असा सर्वांचा हिशेब असतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत 'शक्यतो' मूळ नावाने औषधे लिहावीत असे म्हटले होते. २०१६ मध्ये त्यातला 'शक्यतो' काढून टाकण्यात आला. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे नियम आणले, ते न पाळणाऱ्या डॉक्टरांवर कारवाईची तरतूद केली आणि महिना उलटण्याआधीच ते नियम स्थगितही केले. त्या वेळी इंडियन मेडिकल असोसिएशनने घेतलेल्या आक्षेपांपैकी एक असा होता की, यामुळे औषधाची निवड डॉक्टरांच्या हातून निघून औषधविक्रेत्याच्या हातात जाईल. आमच्या व्यवसायातल्या बऱ्याच जणांना ते झोंबले. मलाही झोंबले, कारण त्यात तथ्य होते. मी तोच विक्रेता आहे, आणि आजच्या व्यवस्थेत ती निवड माझ्या हाती आली तर मी ती कशी करीन, हे आपल्याला कोणीतरी आतून सांगायला हवे.

आपल्या खात्याला हे ठाऊकच आहे, पण पत्र खुले असल्यामुळे वाचकांसाठी लिहितो की १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात 'जेनेरिक' या शब्दाची व्याख्याच नाही. पेटंट संपलेले औषध कोणीही परवाना घेऊन बनवू शकतो, आणि त्या अर्थाने डॉक्टर ज्यांना 'चांगल्या कंपनीचे' म्हणतात ते बहुतेक नामवंत ब्रँडही जेनेरिकच आहेत. माझ्या फडताळात एकाच कंटेंटची, म्हणजे एकाच औषधी घटकाची, निरनिराळी पाकिटे असतात. काहींसाठी कंपनीचा प्रतिनिधी, म्हणजे एमआर, डॉक्टरांकडे चकरा मारतो. काही त्याच नामवंत कंपन्यांची असतात, पण त्यांच्यामागे एमआर नसतो; ती स्टॉकिस्टकडून, म्हणजे घाऊक विक्रेत्याकडून, थेट आमच्याकडे येतात आणि त्यांना आम्ही 'ट्रेड जेनेरिक' म्हणतो. काहींवरील कंपनीचे नाव मीसुद्धा बिल आल्यावरच पहिल्यांदा वाचतो. याशिवाय बसस्थानकाजवळ केंद्र सरकारच्या योजनेतले जनऔषधी केंद्र आहे, तेथे मिळणारे पाकीट वेगळेच. सामान्य माणूस या सगळ्यांना मिळून 'जेनेरिक' म्हणतो, किंवा यांतल्या एकालाच म्हणतो, आणि तो कोणाला काय म्हणतो ते बहुतेक वेळा मी त्याला काय सांगितले यावर ठरते.

गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या भागात शिंका आणि सर्दीच्या तक्रारी वाढतात, आणि त्यावर डॉक्टर बहुधा माँटेलुकास्ट व लेव्होसेटिरिझिन एकत्र असलेली गोळी लिहितात. गेल्या हंगामात एकदा दुकान बंद करताना मी त्या गोळीची दोन पाकिटे दिव्याखाली शेजारी ठेवून पाहिली. एक चिठ्ठीत लिहिला जाणारा ब्रँड, दहा गोळ्यांची छापील किंमत २१२ रुपये. दुसरे ट्रेड जेनेरिक, छापील किंमत १४८ रुपये. दोन्हींच्या मागे हिमाचल प्रदेशातील बद्दीच्या एकाच कारखान्याचा पत्ता होता आणि उत्पादन परवान्याचा क्रमांकही तोच होता. ब्रँड विकला की मला साधारण ४० रुपये सुटतात. जेनेरिकची माझी खरेदी करासकट १९ रुपयांची होती. ते पाकीट मी 'जेनेरिक आहे, शिवाय २० टक्के सूट देतो' असे सांगून ११८ रुपयांना देतो. ब्रँडच्या तुलनेत ९४ रुपये वाचले म्हणून रुग्ण समाधानाने जातो, आणि माझ्या गल्ल्यात ९९ रुपये राहतात. मी छापील किमतीच्या वर एक पैसाही घेतलेला नाही. आपला निरीक्षक आला आणि त्याने माझी सगळी बिले तपासली, तरी त्याला लिहिण्यासारखे काही सापडणार नाही.

हे असे का होते, तेही सांगतो. केंद्राच्या २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार ज्या औषधांची कमाल किंमत ठरवली जाते, ती राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतली असतात. २०२२ च्या यादीत अशी ३८४ औषधे आहेत. त्या किमतीत किरकोळ विक्रेत्यासाठी १६ टक्के धरलेले असतात. वर सांगितल्यासारख्या, दोन औषधे एकत्र असलेल्या गोळ्या बहुतेक त्या यादीबाहेर असतात. त्यांची छापील किंमत पहिल्यांदा किती लावायची ते कंपनी ठरवते. सरकारचे बंधन एवढेच की ती वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नये. एमआरवर, डॉक्टरांच्या परिषदांवर आणि नमुन्यांवर होणारा खर्च वाचलेला असल्याने कंपनीला १९ रुपयांत परवडते. मग पाकिटावर १४८ का छापायचे? कारण कंपनीचे गिऱ्हाईक रुग्ण नाही, मी आहे. ज्या कंपनीच्या पाकिटावरची किंमत आणि माझी खरेदी यांतले अंतर जास्त, तिचे पाकीट माझ्या हाताशी असलेल्या कप्प्यात राहते. वर दहावर एक मोफत अशा स्कीम असतात, दिवाळीला काही वेगळे असते. ब्रँडेड औषधांच्या बाबतीत कंपनी डॉक्टरांना जे करते असे आपण म्हणतो, तेच ती जेनेरिकच्या बाबतीत मला करते.

आणि स्वस्त औषध प्रामाणिकपणे स्वस्त विकले तर काय होते तेही पाहावे. बारा रुपयांच्या पाकिटावर १६ टक्के म्हणजे दोन रुपयेही नाहीत. त्यासाठी चिठ्ठी वाचायची, साठ वर्षांच्या माणसाला गोळी जेवणाआधी की नंतर हे तीनदा सांगायचे, आणि शेड्यूल एच-१ या जास्त कडक नियंत्रणाच्या यादीतले औषध असेल तर वेगळ्या रजिस्टरात नोंद करायची. ब्रिटनमध्ये फार्मासिस्टला दिलेल्या प्रत्येक औषधामागे ठरावीक शुल्क मिळते, त्यामुळे गोळी महाग असो की स्वस्त, त्याच्या कामाचे मोल थोडेफार तेच राहते. आपल्याकडे माझ्या सल्ल्याची किंमत गोळीच्या किमतीत मिसळलेली आहे, म्हणून स्वस्त गोळीबरोबर माझा सल्लाही फुकट जातो. महाग गोळी विकण्याचा मोह मला होतो तो काही स्वभावदोषामुळे नव्हे, असे मी स्वतःची समजूत घालण्यासाठी म्हणतो. थोडा स्वभावदोषही असेल.

आता डॉक्टरांविषयी. आमच्याकडे चिठ्ठी देताना डॉक्टर सांगतात, 'औषधे घेतली की दाखवून जा.' मूळ हेतू चांगला आहे, चुकीचे औषध गेले तर तेथेच पकडले जाते. पण पिशवी उघडून पाकिटे पाहण्याचे काम कंपाउंडर करतो, आणि एखाद्या पाकिटाचा रंग ओळखीचा वाटला नाही की तो म्हणतो, 'हे चालणार नाही, बदलून आणा.' रुग्ण ओशाळून परत येतो, काउंटरवर इतर चार माणसे ऐकत असताना मी पाकीट बदलून देतो, आणि त्या चार जणांच्या मनात माझ्याविषयी जे यायचे ते येते. असे तीनदा झाले की चौथ्यांदा मी जेनेरिक सुचवतच नाही. ओळखीच्या एका फिजिशियनांना मी याबद्दल विचारले तेव्हा ते म्हणाले, 'पेशंटची शुगर उतरली नाही तर तो मला विचारतो. तुम्हाला विचारत नाही, आणि सरकारला तर नाहीच नाही.' याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

तरीही डॉक्टरांचा जेनेरिकवर विश्वास नाही, हे म्हणणे मला अर्धवट वाटते. तोच डॉक्टर जिल्हा रुग्णालयात असताना निविदेतून आलेली, मूळ नावाची औषधे वर्षानुवर्षे लिहितो आणि रुग्ण बरे होतात. संध्याकाळी स्वतःच्या दवाखान्यात बसला की त्याचे पेन ब्रँडकडे वळते. खेड्यापाड्यांत अजूनही डॉक्टर स्वतः पुडी बांधून देतात, कायद्याने त्यांना आपल्या रुग्णांपुरती ती मुभा आहे, आणि त्या पुडीत बहुतेक वेळा हीच ट्रेड जेनेरिक पाकिटे फोडलेली असतात. म्हणजे फायदा ज्याच्या गल्ल्यात पडणार, त्याला जेनेरिकच्या दर्जाची खात्री वाटते. मी स्वतःलाही यातून वगळत नाही.

काही नर्सिंग होममध्ये तर चिठ्ठीवर असे ब्रँड असतात की ते फक्त खालच्या मजल्यावरच्या त्यांच्याच मेडिकलमध्ये मिळतात. कंटेंट आम्लपित्तावरचे साधे पॅन्टोप्रॅझोल, पण ते नाव मी कोणत्याही स्टॉकिस्टच्या यादीत पाहिलेले नाही. रुग्णांना रुग्णालयाच्याच दुकानातून औषधे घेण्याची सक्ती होते, ही तक्रार मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आली तेव्हा न्यायालयाने धोरण ठरवण्याचे काम राज्यांवर सोपवले. डॉक्टरांना दिलेल्या भेटवस्तूंचा खर्च कंपन्यांना करातून वजा करता येणार नाही, हे त्याच न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये सांगितले होते, आणि केंद्राने मार्च २०२४ मध्ये औषध कंपन्यांच्या विपणनाची नवी संहिताही काढली. तेवढ्यावर मी हा विषय सोडतो, कारण डॉक्टरांवर लिहिणारे पुष्कळ आहेत.

माझ्यावर कायद्याचे जे बंधन आहे त्याविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. १९४५ च्या औषध नियमांतील नियम ६५ चे कलम ११-अ सांगते की, शेड्यूल एचमधील, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीतील, औषधाची चिठ्ठी आली तर तिच्यावर लिहिलेल्या औषधाऐवजी मी दुसरे काही देऊ शकत नाही, मग त्यात तोच घटक असो वा नसो. म्हणजे डॉक्टरांनी ब्रँड लिहिला असेल तर त्याच कंटेंटचे दहा रुपयांचे पाकीट देणे माझ्यासाठी नियमभंग आहे. प्रत्यक्षात काय होते ते आपले निरीक्षकही जाणतात. रात्री साडेनऊला लेकराला घेऊन आलेल्या बापाला तो ब्रँड संपला म्हणून मी परत पाठवत नाही. 'कंटेंट तोच आहे, कंपनी वेगळी आहे' एवढे सांगून दुसरे देतो. राज्यातल्या बहुतेक सगळ्या दुकानांत हे रोज होते. पण हा बदल चोरून होत असल्यामुळे त्याची कोठे नोंद नसते, बदलून काय दिले ते डॉक्टरांना कळत नाही, आणि बदलताना स्वस्त दिले की जास्त फायद्याचे दिले, हे तपासण्याचा कोणताही मार्ग राहत नाही. मनाई पाळली जात नाही आणि मुभा मिळत नाही, अशा फटीत आमचा धंदा चालतो. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दर दहा चिठ्ठ्यांपैकी सुमारे नऊ जेनेरिक औषधांच्या असतात, आणि तेथे फार्मासिस्टला बदलून देण्याची मुभा आहे. पण कोणते औषध कोणाच्या जागी देता येईल याची अधिकृत यादी औषध नियामकाने आधी प्रसिद्ध केलेली आहे. आपल्याकडे मुभेची मागणी होते तेव्हा या यादीचा विषय कोणी काढत नाही.

रुग्णांच्या बाबतीत मला एक गोष्ट बरीच वर्षे उमगत नव्हती. 'जेनेरिक आहे का?' असे विचारणारी माणसे बहुधा निवृत्त शिक्षक, बँकेतले कर्मचारी, पुण्या-मुंबईहून सुट्टीला आलेली मुले अशी असतात. दिवसाच्या मजुरीवर जगणारा माणूस मात्र ठासून सांगतो, 'डॉक्टरांनी लिहिलंय तेच द्या, भाऊ.' स्वस्तात मिळत असताना तो महागडे का मागतो? पुढे लक्षात आले की त्याला एकदाच औषध घेणे परवडते. या गोळीने गुण आला नाही तर पुन्हा डॉक्टरांची फी, पुन्हा एक दिवसाची मजुरी बुडणार. शिक्षकांना प्रयोग करून पाहता येतो, त्याला येत नाही. त्याच्यासाठी ब्रँड हा विमा आहे, आणि हप्ता जास्त असला तरी तो भरतो. पुन्हा पैसे कमी म्हणून तो पूर्ण पाकीट घेत नाही, तीन सुट्या गोळ्या घेतो. कात्रीने पाकीट कापताना नाव एका तुकड्यावर राहते, बॅच नंबर आणि मुदत दुसऱ्यावर, आणि त्याच्या हाती जातो तो बहुधा कोरा तुकडा.

दुसरी गोष्ट दीड-दोन वर्षांपूर्वीची. एक आजी पाय सुजले म्हणून मलम मागायला आल्या. त्यांच्या पिशवीत नेहमीची औषधे होती म्हणून सहज पाहिली. गावातल्या डॉक्टरांनी दिलेली रक्तदाबाची एक गोळी होती, आणि मुलाने पुण्याला नेले तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी लिहिलेली दुसरी. दोन वेगळी नावे, दोन वेगळे रंग, एक गोल आणि एक लांबट. दोन्हींत ॲम्लोडिपिन पाच मिलिग्रॅम. 'एक बीपीची अन् एक पुण्याची,' असे म्हणून त्या दोन महिने रोज सकाळी दोन्ही घेत होत्या. या औषधाची मात्रा वाढली की घोट्यांवर सूज येऊ शकते, हे फार्मसीच्या कोणत्याही विद्यार्थ्याला पाठ असते. मी डॉक्टरांना फोन लावला, एक गोळी बंद झाली, काही दिवसांत सूज उतरली.

त्या दोन्ही पाकिटांवर मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत होते. २०१८ पासून तसा नियमच आहे, किमान दोन आकारांनी मोठे छापायचे. नियम अगदी बरोबर पाळलेला होता, फक्त इंग्रजीत. आजींना मराठी वाचता येते. तेव्हापासून मी कागदी पाकिटावर मार्करने मराठीत लिहून देतो: 'ॲम्लोडिपिन, बीपी, सकाळी एक.' पैशांची बचत हा जेनेरिक नावाचा एक फायदा झाला, पण माझ्या काउंटरवरून पाहिले तर आपण कोणते औषध खातो हे माणसाला कळणे हा त्याहून मोठा फायदा आहे, आणि त्यासाठी कंपनी बदलण्याचीही गरज नाही.

दर्जाविषयीची शंका मी हसण्यावारी नेत नाही. नागपूर ग्रामीण पोलिसांनी २०२४ मध्ये दाखल केलेल्या आरोपपत्रानुसार सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्यांत औषधाऐवजी टाल्कम पावडर आणि स्टार्च होते. असे काही छापून आले की पुढचा महिनाभर माझ्याकडे कोणी जेनेरिकचे नाव काढत नाही. पण २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात ज्या कफ सिरपमुळे वीसहून अधिक मुले दगावली, त्यांतल्या कित्येकांवर नागपुरात उपचार सुरू होते, त्या सिरपला ब्रँडचे नाव होते आणि ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिले गेले होते. बाटलीवरच्या नावाचा आतल्या द्रवाशी संबंध किती, ते प्रयोगशाळाच सांगू शकते.

त्यातही सगळी औषधे एका मापाने मोजता येत नाहीत. माझ्या आईला फिटसाठी फेनिटॉइन चालू होते, आणि सात वर्षांत मी तिचा ब्रँड एकदाही बदलला नाही, स्वतःच्या दुकानात चार पर्याय असतानाही. फेनिटॉइन, रक्ताची गुठळी होऊ न देणारे वॉरफेरिन, थायरॉइडसाठीचे लेव्होथायरॉक्सिन अशा औषधांत पुरेशी मात्रा आणि घातक मात्रा यांतले अंतर फार थोडे असते. एका कंपनीवरून दुसरीवर जाताना रक्ततपासणी करावी लागते. रक्तदाबासाठी मी स्वतः मात्र जनऔषधीची टेल्मिसार्टन घेतो. शेजारचे केंद्र माझे गिऱ्हाईक तोडते, तरी हे लिहिताना मला संकोच वाटत नाही, कारण तेथे येणाऱ्या मालाची प्रत्येक बॅच विक्रीपूर्वी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासली जाते. १९९४ मध्ये स्थापन झालेले तमिळनाडूचे वैद्यकीय सेवा महामंडळ सरकारी रुग्णालयांसाठी असेच करते. 'जेनेरिक मेडिकल' अशी पाटी लावलेल्या खासगी दुकानाला अशी कोणतीही अट नाही. गोळी विरघळून रक्तात सारख्या प्रमाणात उतरते का, याची चाचणी सहज न विरघळणाऱ्या औषधांसाठी एप्रिल २०१७ पासून परवान्यापूर्वी सक्तीची झाली, पण बाजारात त्याआधी परवाना मिळालेले पुष्कळ माल आहेत आणि पाकिटाकडे पाहून त्यांतला फरक मला ओळखता येत नाही. मला येत नाही तर रुग्णाला कोठून येणार?

माझ्या विनंत्यांपैकी पहिली आपल्याच अधिकारातली आहे. आपले निरीक्षक माझ्या दुकानातून नमुना घेतात तेव्हा त्याचे चार भाग करून सील करतात, मला फॉर्म १७ मध्ये लेखी सूचना देतात, आणि पुढे शासकीय विश्लेषकाचा अहवाल येतो. माल अप्रमाणित ठरला तर बातमी होते. प्रमाणित ठरला तर तो कागद फाइलमध्ये जातो, आणि माझ्या मते खरे मोलाचे कागद तेच आहेत. राज्यात घेतलेल्या प्रत्येक नमुन्याचा निकाल, उत्तीर्ण झालेल्यांसह, औषधाचे मूळ नाव, उत्पादक आणि बॅच क्रमांक यांनुसार मराठीत शोधता येईल असा प्रसिद्ध करावा. आमच्या फिजिशियनांना मी जे उत्तर देऊ शकलो नाही, ते मग मोबाइलवर दाखवता येईल. याच्याच जोडीला कायद्याचे कलम २६ लोकांना सांगावे. ठरावीक शुल्क भरून कोणताही नागरिक स्वतः विकत घेतलेले औषध शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो, ही तरतूद कायद्यात आहे, आणि तीस वर्षांत माझ्या एकाही गिऱ्हाइकाने तिचा वापर केलेला मी पाहिलेला नाही. जिल्हा कार्यालयात त्यासाठी एक खिडकी आणि एक साधा मराठी अर्ज पुरे.

बिलावर आणि औषधाच्या पाकिटावर मूळ नाव मराठीत लिहून देणे राज्यातल्या दुकानांना बंधनकारक करता येते का, तेही पाहावे. बिले आता बहुतेक ठिकाणी संगणकावरच निघतात. सॉफ्टवेअरवाल्याचे ते एका दिवसाचे काम आहे.

छापील किमतीचा प्रश्न दिल्लीच्या हातात आहे, हे मला मान्य आहे. पण राज्याचा औषध नियामक लेखी शिफारस करतो तेव्हा तिला वजन असते. फेब्रुवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने ४२ कर्करोगविरोधी औषधांच्या व्यापारी नफ्यावर ३० टक्क्यांची मर्यादा घातली आणि कित्येक ब्रँडच्या छापील किमती एका रात्रीत खाली आल्या. तीच मर्यादा ट्रेड जेनेरिकना लावावी, अशी शिफारस आपण करावी. माझ्या ९९ रुपयांवर यामुळे पाणी पडेल. व्यवसायबंधू माझ्यावर रागावतील, त्यांतले काही मला ओळखतील, आणि ते मी धरून चाललो आहे. मात्र त्याच शिफारशीत औषध देण्याच्या कामासाठी वेगळे, ठरावीक शुल्क असावे असेही लिहावे. नाहीतर प्रामाणिक दुकानदार आधी बंद पडेल आणि भाड्याच्या प्रमाणपत्रावर चालणारे दुकान टिकून राहील.

शेवटची विनंती बदलून देण्याच्या मुभेची, आणि ती मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. नियम ६५ मध्ये दुरुस्ती व्हावी अशी शिफारस करताना मुभा उघडी ठेवू नये. समतुल्यता, म्हणजे रक्तात सारख्याच प्रमाणात उतरणे, सिद्ध झालेल्या औषधांपुरतीच ती असावी. बदलून दिलेले औषध चिठ्ठीतल्यापेक्षा रुग्णाला स्वस्त पडलेच पाहिजे. मूळ आणि बदललेले अशी दोन्ही नावे बिलावर यावीत. रुग्णाची संमती घ्यावी. आणि डॉक्टरांनी 'बदलू नये' असे लिहिले तर माझा हात तेथेच थांबावा. फेनिटॉइनसारख्या औषधांना या मुभेतून सरळ वगळावे. या अटी घातल्या नाहीत आणि उद्या चिठ्ठीवर नुसते मूळ नाव येऊ लागले, तर माँटेलुकास्टच्या चिठ्ठीवर मी कोणते पाकीट काढून देईन ते वर लिहिलेच आहे. केंद्र सरकारने नेमलेल्या हाथी समितीने १९७५ मध्ये ब्रँडची नावे टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याची शिफारस केली होती. तेव्हापासून चिठ्ठीवर कोणते नाव यावे हाच वाद चालू आहे, आणि मधल्या काळात फडताळातले पाकीट कोण निवडतो याकडे कोणाचे लक्ष गेलेले नाही.

माझ्याकडची गेल्या तीन वर्षांची खरेदी-विक्रीची बिले मी औषधांच्या मूळ नावांनुसार लावून ठेवली आहेत. आपल्या खात्यातील कोणीही येऊन ती पाहावीत, हव्या त्या पाकिटांचे नमुने घ्यावेत आणि निकाल काहीही आला तरी दुकानाच्या नावासह प्रसिद्ध करावा, याला माझी संमती आहे. दुकान सकाळी नऊ ते रात्री साडेनऊ उघडे असते. गुरुवारी दुपारनंतर बंद ठेवतो, पण आधी कळवले तर उघडेन.

आपला नम्र,
एक नोंदणीकृत फार्मासिस्ट,
जिल्हा सातारा